बांधावरची चिंच

महाशिवरात्र झाली, की आमच्या येरमाळ्यात दुपारच्या वेळी गल्लीतून जाताना घराघरांतून एकच आवाज ऐकू येतो. टक्, टक्, टक्! नवीन माणसाला वाटेल, सगळ्या गावात सोनारकाम चाललंय की काय. पण ते असतं चिंच फोडणं. ओसरीवर पोतं अंथरायचं, पुढ्यात सपाट दगड, हातात लहानशी हातोडी. एका बाजूला टरफलांचा ढीग, दुसऱ्या बाजूला चिंचोक्यांचा आणि मध्ये पातेल्यात गर. जोडीला गप्पा असतातच. चैत्र पौर्णिमेला येडेश्वरीची, म्हणजे आमच्या येडाईची, यात्रा भरते. घरोघर पाहुणे येतात. त्याच्या आत वर्षाची चिंच बरणीत गेली पाहिजे, असा आमच्या सासूबाईंचा दंडक आहे.

नेमकं याच दिवसांत एका मैत्रिणीचं पत्र आलं. ती लिहिते, "चार महिन्यांत चिंचेत अळ्या होतात, वर ती काळीठिक्कर पडते. विकतची चिंच टिकवायची तरी कशी?" उत्तर लिहायला बसले आणि चिंचेबद्दल मनात साचलेलं बरंच काही वर आलं. तेव्हा आज आधी उत्तर देते आणि मग ती दुसरी गोष्टही सांगते.

वर्षाची चिंच भरताना

चिंच घेताना ती फोडलेली आहे एवढंच पाहू नका. बोटाने दाबून पाहा. फार ओली, चिकट असेल तर वजनात आपण पाण्याचे पैसे देतो, आणि तीच पुढे बुरसते. घरी आणल्यावर एकदा सगळी मोकळी करून उरलेले चिंचोके, टरफलाचे तुकडे आणि शिरा काढून टाका. शिरांच्या आणि टरफलांच्या आडोशानेच कीड राहते. मग दोन-तीन दिवस कडक ऊन द्या. ऊन देताना वर पातळ कापड बांधा, नाहीतर धूळ आणि माश्या दोन्ही बसतात.

एक किलो चिंचेला साधारण शंभर ग्रॅम जाडं मीठ चोळायचं आणि मोसंब्याएवढे गोळे वळून चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत दाबून भरायचे. पोकळी ठेवायची नाही. वरून पुन्हा मिठाचा थर. बरणीत ओला हात किंवा ओला चमचा कधी घालायचा नाही. आठवड्यापुरती चिंच लहान बरणीत काढून घ्यावी, म्हणजे मोठी बरणी रोज उघडावी लागत नाही. एक मात्र लक्षात ठेवा. वर्ष सरताना चिंच काळपट होणारच. रंग काळा झाला म्हणजे ती खराब झाली असं नाही. वास आंबूस येत असेल, बुरशी किंवा जाळी दिसत असेल तरच टाकून द्यावी.

आणि भांड्याचं सांगायचं राहिलंच. लग्न होऊन आले त्या पहिल्याच वर्षी मी हौसेने सगळी चिंच सासूबाईंच्या पितळी डब्यात भरली. डब्याला कल्हई नव्हती. महिन्याभराने झाकण उघडलं तो कडेने हिरवा रंग चढलेला! सगळी चिंच उकिरड्यावर गेली. सासूबाई रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "भांडी घासायला चिंच का लागते, ते बी.ए.त शिकवलं नाही का गं?" तेव्हा मैत्रिणींनो, कल्हई नसलेलं तांब्या-पितळेचं भांडं आणि ॲल्युमिनियमचं भांडं, दोन्ही चिंचेसाठी वर्ज्य. चिंचेतलं आम्ल धातू खातं. म्हणून तर चिंच-मिठाने समई लखलखते.

पाहुणी, पण घरचीच झालेली

चिंच आपली इतकी घरची, की ती मूळची आफ्रिकेतली आहे हे शाळेत मुलांना सांगितलं तर त्यांना पटत नाही. पण ती फार पूर्वी इकडे आली आणि इथलीच होऊन बसली. अरबी व्यापाऱ्यांनी तर तिला 'तमर हिंदी', म्हणजे हिंदुस्थानचा खजूर, असं नाव दिलं. त्यावरूनच इंग्रजी 'टॅमरिंड' आलं. आणि १७५३ साली लिनियस या शास्त्रज्ञाने शास्त्रीय नाव दिलं, त्यातही 'इंडिका' आलंच. सासरी आलेल्या मुलीचं माहेरचं नाव पुसून जावं, तसं हे झालं.

ग्वाल्हेरला तानसेनच्या समाधीपाशी चिंचेचं झाड आहे. तिथली पानं चघळली की गळा गोड होतो, असं गवई मंडळी मानत आली आहेत. आमच्याकडे मात्र चिंच म्हटली की भूत! तिन्हीसांजेला चिंचेखाली थांबायचं नाही, हे आपण सगळ्याच ऐकत मोठ्या झालो. रात्री चिंचेची पानं मिटतात, झाड दाट काळोखं दिसतं. त्यातूनच ही भीती आली असावी, असं मला वाटतं.

कोकणातल्या आमटीला आमसूल, तशी आमच्या मराठवाड्याच्या आमटीला चिंच. पाऊस बेताचा, जमीन मुरमाड, बालाघाटचे उघडे डोंगर. अशा ठिकाणी बारा महिने हिरवी राहणारी झाडं थोडी. चिंच त्यातली एक. उन्हाळ्यात जुनी पानं थोडीफार गळतात, पण बघता बघता नवी पालवी येते. २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, आठवतं ना? त्या वर्षी आमची विहीर कोरडी ठण्ण होती, पण बांधावरच्या चिंचा हिरव्या होत्या. दुपारी गुरं आणि माणसं दोन्ही त्यांच्याच सावलीत.

'चिंचा' म्हटलं. हो, तेव्हा दोन होत्या.

दोन झाडं आणि एक वही

आमच्या आजेसासूबाईंनी, म्हणजे सासूबाईंच्या सासूबाईंनी, बांधावर दोन चिंचा लावल्या होत्या. हंड्याने पाणी घालून जगवल्या, असं सांगतात. त्यांना स्वतःला फार वर्षं फळ खायला मिळालं नाही. खाल्लं ते सासूबाईंनी, आमच्या नवऱ्यांनी आणि आमच्या मुलांनी.

पुढे घरात वाटण्या झाल्या. भांडण झालं नाही, देवाची कृपा. बांधावरचं एक झाड मोठ्या दिरांकडे गेलं, एक आमच्याकडे राहिलं. दोनच वर्षांनी मोठ्या दिरांच्या घरी लग्न निघालं, पैशाची ओढ होती. लाकडाचा व्यापारी आला, बुंध्याला दोरी गुंडाळून माप घेतलं आणि चार दिवसांत झाड आडवं झालं. चिंचेचं लाकूड भारी कठीण. मुसळ, घाण्याची लाट, खाटकाचा ओंडका, या सगळ्याला ते चालतं. झाड पडत होतं तेव्हा सासूबाई घरातून बाहेर आल्या नाहीत. संध्याकाळी मात्र शेतात जाऊन ओच्यात मूठभर चिंचोके घेऊन आल्या आणि देव्हाऱ्याखालच्या डबीत ठेवले.

मी त्या वेळी काही बोलले नाही. दुसऱ्याच्या वाटणीत धाकट्या सुनेने बोलू नये, असं वाटलं. आजही वाटतं, निदान जाऊबाईंशी तरी बोलायला हवं होतं. बोलून झाड वाचलं असतं असं नाही, पण लग्नाला दुसरी काही वाट निघते का, हे दोघींनी बसून पाहिलं तरी असतं.

नंतर माझ्या मनात एक प्रश्न घर करून बसला. या झाडापासून घरात येतं तरी किती, हे आपल्यापैकी कुणाला ठाऊक होतं का? नव्हतंच. कारण दर वर्षी फळ झाडावर असतानाच गुत्तेदार यायचा, वर बघून आकडा सांगायचा आणि चिंच गुत्त्याने जायची. पैसे घरात यायचे, कुठे जायचे ते कळायचं नाही. आणि आपण बार्शीच्या बाजारातून फोडलेली चिंच विकत आणायचो! आपलीच असेल कदाचित.

म्हणून पुढच्या हंगामात मी यांच्या मागे लागले, की यंदा झाड गुत्त्याने द्यायचं नाही. एकदा तरी आपण करून बघू. हे म्हणाले, "करा. पण मला मध्ये घेऊ नका." घेतलंच नाही! झाडावर चढून चिंच झोडायला दोन माणसं लावली, खाली जुन्या साड्या आणि ताडपत्री अंथरली. सासूबाई, मी आणि, तुम्हाला खरं वाटणार नाही, जाऊबाई, अशा तिघी ओसरीवर बसलो. जाऊबाईंना मी विचारलं नव्हतं. त्या आपणहून हातोडी घेऊन आल्या.

शाळेच्या एका कोऱ्या वहीत मी हिशेब लिहिला. चिंचेचे आकडे भरले पावणेदोनशे किलो. फोडून गर निघाला सत्तर किलो, चिंचोके साठ किलोच्या आसपास, बाकी टरफल आणि शिरा. तिघींच्या नऊ दुपारी गेल्या. दोन्ही घरांना वर्षाची चिंच काढून ठेवली आणि उरलेली बार्शीला घातली. गुत्त्याला जे मिळायचं त्याच्या तिपटीहून थोडे जास्त पैसे आले.

मी आनंदाने वही यांच्यापुढे धरली. जाऊबाई शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, यात आपल्या तिघींची मजुरी कुठे धरलीस?"

खरंच की! झोडणाऱ्यांची मजुरी मी लिहिली होती, टेम्पोचं भाडं लिहिलं होतं. आमच्या सत्तावीस दुपारी मात्र लिहिल्या नव्हत्या. मग तेवढ्या दिवसांची बाजारभावाने मजुरी मांडली. तेव्हा कळलं, की जो 'फायदा' म्हणून मी मिरवत होते, त्यातला मोठा भाग म्हणजे आमचीच मजुरी होती. तरीही गुत्त्यापेक्षा चार पैसे जास्तच उरत होते, ही गोष्ट निराळी. तुमच्या घरी पापड, कुरडया, चिंच, लोणची जे काही होत असेल, त्याचा हिशेब करताना आपले हात त्यात धरायला विसरू नका. कुणाकडून मागायचे म्हणून नव्हे, पण काय कशामुळे होतंय हे घरात सगळ्यांना कळावं म्हणून.

कायदा काय म्हणतो

एक गोष्ट मला उशिरा कळली, ती तुम्हाला वेळेवर सांगते. आपल्या राज्यात १९६४ सालचा वृक्षतोड विनियमनाचा कायदा आहे. त्यातल्या यादीत आंबा, फणस, जांभूळ, मोह, साग यांच्याबरोबर चिंचही आहे. म्हणजे झाड स्वतःच्या शेतातलं असलं, तरी तोडण्याआधी परवानगी घ्यावी लागते. शहरांसाठी १९७५ चा निराळा कायदा आहे. तेव्हा परसातलं किंवा वाड्यातलं जुनं झाड पाडायचं ठरत असेल, तर आधी नगरपालिकेत चौकशी करायला सांगा. 'आमचंच झाड, आम्ही तोडू' असं नसतं. आमच्या वेळी परवानगी काढली होती की नाही, हे मी विचारलंसुद्धा नाही. पुष्कळदा चौकशीच्या निमित्ताने चार दिवस जातात आणि तेवढ्यात घरातला विचारही बदलतो.

स्वयंपाकघरात

आता थोडं चुलीपाशी जाऊ.

चिंचेची गंमत अशी, की इतर फळं पिकली की त्यांचा आंबटपणा जातो. चिंच पिकताना गोडी वाढते, पण तिच्यातलं टार्टारिक आम्ल तसंच राहतं. म्हणून ती आंबट-गोड. या आम्लामुळेच एक नियम पाळावा लागतो. वरण-आमटीत चिंच घालायची ती डाळ पूर्ण शिजल्यावरच. आधी घातली तर डाळ टणक राहते, तुम्ही कितीही शिट्ट्या द्या. भाज्यांचंही तसंच. अपवाद अळू आणि सुरणाचा. त्यांना चिंच हवीच, नाहीतर घसा खवखवतो.

चिंचवणी: आमच्याकडे पाहुण्यांच्या पानात ही असतेच. लिंबाएवढी चिंच कोमट पाण्यात भिजवून कोळ काढा. त्यात चिंचेच्या दुप्पट गूळ, चवीला मीठ-तिखट आणि दोन-अडीच वाट्या पाणी घाला. तेलात मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, दोन सुक्या मिरच्या यांची फोडणी करून त्यावर हे पाणी ओता. उकळी आली की भाजलेल्या तिळाचं किंवा दाण्याचं कूट चमचा-दोन चमचे घाला. पुरणाच्या पोळीबरोबर आमच्या घरी हीच.

हिरव्या चिंचेचा ठेचा: दिवाळीनंतर कोवळ्या, आत चिंचोका न धरलेल्या चिंचा मिळतात. त्या धुऊन अगदी कोरड्या करून वरची साल थोडी खरवडा. पाव किलो चिंचेला दहा-बारा हिरव्या मिरच्या, लसणाच्या दहा पाकळ्या, जिरं आणि मीठ घालून खलबत्त्यात कुटा. मिक्सरमध्ये कराल तर पाणी घालू नका. वरून गार केलेली हिंग-हळदीची फोडणी. बाजरीच्या भाकरीबरोबर तोंडाला पाणी सुटतं.

वेळ अमावस्येची भज्जी: धाराशिव-लातूरकडे मार्गशीर्ष अमावस्येला सगळं गाव शेतात जेवायला जातं. त्या दिवशीच्या भज्जीत तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, हिरवा पाला, डाळीचं पीठ असं सगळं असतं. पण चिंचेचा कोळ नसेल तर ती नुसती भाजी होते, भज्जी होत नाही. कोळ अखेरीस घालायचा, कारण मघाशी सांगितलं तेच.

चिगूर: चिंचेची कोवळी तांबूस पालवी. आपला हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिकडे चिगूर घालून मटण करतात, डाळही करतात. मी साधी डाळ करते. तूरडाळ शिजल्यावर मूठभर धुतलेला चिगूर हातावर चोळून टाकायचा आणि लसणाची चरचरीत फोडणी द्यायची. हा चिगूर सावलीत वाळवून डब्यात ठेवला तर पावसाळ्यातही उपयोगी पडतो.

मुलांसाठी चिंच, गूळ, मीठ, जिरेपूड, थोडं तिखट एकत्र कुटून बोराएवढ्या गोळ्या वळा. रंग लावलेल्या दुकानच्या गोळ्यांपेक्षा बऱ्या. मात्र खाऊन झाल्यावर चूळ भरायला लावा, आंबटाने दात आंबतात आणि झिजतातही. घरात कुणाला रोजची ॲस्पिरिनची गोळी चालू असेल, तर चिंचेचं प्रमाण बेताचं ठेवा आणि डॉक्टरांना विचारा. चिंचेमुळे ते औषध अंगात जास्त शोषलं जातं.

चिंचोका फेकू नका

'चिंचोक्याची किंमत नाही' असं आपण सहज म्हणतो. पण चिंचोक्यालाही बाजार आहे बरं का! भाजून, टरफल काढून दळलेल्या चिंचोक्याची खळ घोंगडीच्या सुताला पूर्वापार देतात. त्याने धागा ताठ होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ पासून, कापडगिरण्यांनीही सुताला खळ द्यायला स्टार्चऐवजी चिंचोक्याची पूड वापरायला सुरुवात केली. आजही ती कापड छपाईपासून कितीतरी उद्योगांत जाते.

घरी करायचं तर मूठभर भाजलेले चिंचोके सोलून जाडसर कुटा, रात्रभर भिजवा आणि सकाळी शिजवून गाळा. कागदाची खेळणी, वह्यांची कव्हरं चिकटवायला उत्तम डिंक होतो. मी शाळेत पहिलीच्या मुलांना चिंचोक्यांवरच बेरीज-वजाबाकी शिकवते. दहा-दहाचे ढीग मुलं पटापट करतात. आणि चिंचोका मधोमध फोडला की एक बाजू काळी, एक पांढरी. चल्लस-आठ खेळायला आणखी काय लागतं? सुट्टीत मोबाईल काढून घ्यायचा असेल तर हातात दुसरं काहीतरी द्यावं लागतं, एवढं खरं.

लावायची असेल तर

गावाकडे बांध असेल, शाळेचं किंवा देवळाचं आवार असेल, तर एक चिंच जरूर लावा. घराच्या भिंतीलगत आणि विहिरीच्या काठावर मात्र नको. पुढे ती अवाढव्य होते. दोन झाडांत दहा मीटर, म्हणजे तेहतीस फूट तरी अंतर हवं.

बी रात्रभर पाण्यात भिजवून दुधाच्या रिकाम्या पिशवीत बोटाच्या पेराएवढं खोल लावा. पिशवीला खाली भोकं पाडा. आठ-पंधरा दिवसांत कोंब दिसतो. पण बियांच्या झाडाला फळ धरायला आठ-दहा वर्षं लागतात आणि ते आईच्याच गुणाचं निघेल याची खात्री नाही. कलम लावलं तर चार-पाच वर्षांत फळ दिसतं आणि जातही खात्रीची मिळते. आपल्या मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या छत्रपती संभाजीनगरच्या हिमायतबागेतल्या फळ संशोधन केंद्राने 'प्रतिष्ठान' ही जात दिली आहे. तमिळनाडूतल्या पेरियाकुलमची 'पी.के.एम. १' हीसुद्धा नावाजलेली. कलम विद्यापीठाच्या किंवा सरकारी रोपवाटिकेतूनच घ्यावं.

उन्हाळ्यात मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डा घेऊन तापू द्या. पावसाच्या तोंडाला शेणखत आणि वरची चांगली माती घालून भरा आणि एक-दोन पाऊस झाल्यावर रोप लावा. कलमाच्या जोडाखालून फूट आली तर लगेच काढून टाका, नाहीतर खुंटच वाढतो आणि कलम मरतं. शेळ्यांपासून जपायला बोरीच्या काट्यांचं कुंपण पुरे. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी मात्र द्यायलाच हवं. रोपाशेजारी मडकं पुरून, त्याच्या बुडाला लहानसं भोक पाडून त्यात कापडाची वात घालायची आणि मडकं भरून ठेवायचं. एका मडक्यावर रोप बरेच दिवस निघतं. झाड लहान आहे तोवर मधल्या जागेत मूग, उडीद, भुईमूग घेता येतो. मोठं झाल्यावर मात्र त्याच्या दाट सावलीत फारसं काही येत नाही.

फुलं उन्हाळ्याच्या शेवटी येतात. पिवळसर, तांबड्या रेघांची, नीट पाहिली तर फार सुंदर. फळ पिकायला पुढचा माघ-फाल्गुन उजाडतो. तेव्हाच अवकाळी पावसाची भीती. २०१४ साली फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली, तसं काही आलं की झाडावरची चिंच भिजून काळी पडते. म्हणून टरफल ठिसूळ होऊन हलवल्यावर आकडा आतून वाजायला लागला, की फार दिवस वाट पाहू नये. आणखी एक, चिंच एक वर्ष भरभरून देते, पुढच्या वर्षी हात आखडता घेते. एका वर्षाच्या हिशेबावरून झाडाला नावं ठेवू नका.

आणि यंदाचं

गेल्याच आठवड्यात लाकडाचा व्यापारी पुन्हा आला होता, आमच्या राहिलेल्या झाडासाठी. बोअर घ्यायचं घरात घाटतंय, पैसे हवेतच. हे माझ्याकडे न बघता त्याच्याशी बोलत होते. या वेळी मात्र मी चहा घेऊन बाहेर गेले आणि तिथेच थांबले. व्यापारी गेल्यावर वही काढली. तीन वर्षांचा हिशेब होता त्यात, भरघोस वर्षाचाही आणि रिकाम्याही, आमच्या मजुरीसकट. "हे वाचा, आणि मग ठरवा. शिवाय परवानगीचंही बघावं लागेल," एवढंच म्हटलं. आवाज थोडा कापला, खोटं कशाला सांगू.

यांनी वही बराच वेळ वाचली. मग म्हणाले, "यंदा राहू दे. पुढच्या वर्षी बघू."

तेव्हा यंदापुरतं झाड आहे. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. बोअरला पैसे कुठून आणायचे हा प्रश्न सुटलेला नाही आणि त्यावर माझ्याकडे तोड नाही.

सासूबाईंनी डबीत ठेवलेल्या चिंचोक्यांतले सहा मी गेल्या जूनमध्ये पिशव्यांत लावले होते. चार उगवले. यंदा पावसाला त्यातलं एक, जिथे पहिलं झाड होतं तिथे, मोठ्या दिरांच्या बांधावर लावायचं ठरलंय. जागा जाऊबाईंनीच दाखवली. आमच्या बाजूला कलम आणून लावणार आहे. दोन रोपं शाळेच्या आवारात जातील. सासूबाई आताच सांगताहेत, की पाण्याचं मडकं रोज त्या बघणार.

पुढच्या वेळी पत्रांतून आलेल्या कुरडयांच्या तक्रारींवर लिहीन. तोवर तुमच्याकडची चिंचेची रीत, ठेच्याची, साराची, पन्ह्याची, जी असेल ती, अवश्य कळवा. आणि हो, बरणी चिनी मातीची!